खात्यापित्या घरची पेशी

लहानपणी अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की आजी आमसुलाचं पाणी चोळायची. या पित्ताचा पित्ताशयाशी काही संबंध नाही, हे मला फार उशिरा कळलं. खाज सुटते ती कातडीतल्या मास्ट पेशींनी हिस्टामिन सोडल्यामुळे. गंमत म्हणजे, या पेशींचं नावही पित्तासारखंच चुकून पडलंय.

१८७८ साली २४ वर्षांचा पाउल एर्लिख लायपझिग विद्यापीठासाठी प्रबंध लिहीत होता. ॲनिलिन रंगांनी ऊती रंगवताना त्याला दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशी दिसल्या. हे साठवलेलं अन्न असावं, असं त्याला वाटलं. जर्मनमध्ये 'मास्ट' म्हणजे खाऊ घालून पुष्ट करणं. म्हणून 'मास्ट' पेशी. त्या दाण्यांत हिस्टामिन आहे, हे रायली आणि वेस्ट यांनी १९५३ मध्ये दाखवलं. तोवर नाव रुळलं होतं. आमच्या कोडमध्येही असंच होतं: फंक्शनला चुकीचं नाव पडतं, सगळे ते वापरू लागतात, मग बदलायला कोणी धजावत नाही.

या पेशी येतात कुठून? १९७७ मध्ये जपानच्या किटामुरांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की त्यांचं मूळ अस्थिमज्जेत आहे. पण त्या परिपक्व होतात ऊतींत पोचल्यावरच. त्यामुळे रक्त काढून त्या मिळत नाहीत, आणि अभ्यासाला माणसाच्या मास्ट पेशी कायम तोकड्या पडतात.

इथे कामाला आली लायपोसक्शनमध्ये काढून टाकलेली चरबी. तिच्यात मूळपेशी असतात, हे २००१ मध्ये समोर आलं होतं. चरबीवर विकर टाकून ती यंत्रात गरगर फिरवतात. ताक घुसळल्यावर लोणी वर यावं तशा चरबीच्या पेशी वर तरंगतात. इथे मात्र लोणी फेकायचं आणि तळाचा गाळ जपायचा. त्या गाळातल्या पेशींना वाढीची प्रथिनं देत आठवडेच्या आठवडे सांभाळलं, की त्यांतून दाण्यांनी भरलेल्या मास्ट पेशी तयार होतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा पेशींना स्तनकर्करोगाच्या पेशी ओळखणारं प्रतिपिंड जोडलं. प्रयोगशाळेत त्यांनी त्या पेशी मारल्या. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. रुग्णापर्यंतचा रस्ता अजून लांब आहे.

मी आजही सेट्रिझिन घेतो. ती गोळी बाहेर पडलेल्या हिस्टामिनला अडवते, दाणे रिकामे होणं थांबवत नाही. ते थांबवणारी आणखी औषधं शोधायची, तर ती माणसाच्या पेशींवर तपासायला हवीत. उंदराच्या पेशी दरवेळी तशा वागत नाहीत. एर्लिखने जिला खात्यापित्या घरची समजलं, ती पेशी आता खरोखरच चरबीतून मिळतेय.