मिस्ड कॉल 'द्यायचे' दिवस

कॉल आपण 'करतो', पण मिस्ड कॉल 'देतो'. हा फरक कुठल्या शब्दकोशानं शिकवला नाही, लोकांनीच पाडला. आज फोनवर दिसणारे मिस्ड कॉल बहुतेक खरंच चुकलेले असतात. तेव्हाचे मुद्दाम दिलेले असायचे.

भारतात १९९५ मध्ये मोबाईल आला तेव्हा आलेला कॉल उचलायलाही पैसे पडत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि खर्च फक्त लावणाऱ्यावर आला. मग मिस्ड कॉलची चलती सुरू झाली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. हॉस्टेलवरून बाबांना दिलेली रिंग म्हणजे बॅलन्स संपत आलाय, तुम्ही लावा. कोड ज्याचा त्याचा, घराघरात वेगळा.

यामागचं तंत्र सोपं आहे. नेटवर्कमध्ये आधी सिग्नल जातो: कोण, कुणाला. बोलण्याची लाईन त्यानंतरची. मीटर सुरू होतं ते समोरच्यानं उचलल्यावर. म्हणजे बिल लागायच्या आत आपला नंबर पलीकडे पोचलेला असतो. काटकसर करणाऱ्या लाखो लोकांनी ही फट कुठलंही मॅन्युअल न वाचता शोधली. (आम्हा इंजिनिअरांना हे चौथ्या सेमिस्टरला शिकवतात.) मोबाईल कंपन्यांची मात्र पंचाईत: नेटवर्क वापरलं जातंय, गल्ल्यात काहीच नाही.

पैसा दिसला तो दुसऱ्यांना. २०१० च्या सुमारास बेंगळुरूची झिपडायल ही कंपनी याच सवयीवर उभी राहिली. जाहिरातीत नंबर छापायचा, त्यावर रिंग दिली की लाईन आपोआप कट, आणि उलट एसएमएस किंवा कॉल. २०११ मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनाला पाठिंबाही लोकांनी मिस्ड कॉलनं दिला. हिंदुस्तान युनिलिव्हरचं 'कान खजूरा टेसन' तर मार्केटिंगवाले अजून उदाहरण म्हणून सांगतात. बिहार-झारखंडमधल्या ज्या गावांत तेव्हा वीज धड नव्हती, म्हणून टीव्हीही फारसा नव्हता, तिथल्या माणसानं मिस्ड कॉल द्यायचा. उलट फोन येऊन फुकट गाणी, विनोद आणि मध्येमध्ये साबण-क्रीमच्या जाहिराती. २०१४ मध्ये कानच्या जाहिरात महोत्सवात त्याला पारितोषिकं मिळाली.

कल्पना हुशारीची होती, यात वाद नाही. मला खटकतं ते वेगळंच. आईला रिंग दिली तेव्हा तिच्याकडे माझा नंबर आधीच होता. रिंगमधून जायचा तो अर्थ. कंपनीला रिंग दिली तेव्हा अर्थ कुणाला नको होता, हवा होता तो नंबर. शिवाय नको असलेल्या जाहिरात-कॉलवर 'ट्राय'ची अधिक कडक बंधनं लागू झाली तीही २०११ मध्येच. अशा वेळी ज्यानं स्वतः रिंग दिली, त्याला फोन करायला निमित्त तयारच. गाणी ऐकायला बटण दाबणाऱ्याला आपण नेमकी कशाला परवानगी देतोय, हे कुणी विचारलं नाही. सांगितलंही नाही.

जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरनं झिपडायल विकत घेतली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, बोलणं फुकट झालं आणि मिस्ड कॉलमागची काटकसर संपली. यादी मात्र यादीच राहिली. २०२१ च्या जानेवारीत इंडियन ऑइलनं इंडेन गॅसचं बुकिंगही मिस्ड कॉलवर सुरू केलं. अट एकच, रिंग रजिस्टर केलेल्या नंबरवरूनच द्यायची.