कातडीचं दुखणं आणि ताटातली भाकर



बैठकीत हप्त्याचा हिशोब झाला की हल्ली एक विषय हमखास निघतो. चेहऱ्यावर वांग आलेत, हातपाय खरखरीत झालेत, कोणती क्रीम लावू? आज आम्ही क्रीमबद्दल सांगणार नाही. कातडीचा आणि जेवणाचा संबंध माणसाला कसा कळला, त्याचा इतिहास सांगणार आहोत. या गोष्टीत आपला कापूस आहे आणि आपली ज्वारीची भाकरही आहे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस अडकला, इंग्लंडच्या गिरण्या अडचणीत आल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. त्याच दशकात मलकापूरवरून जाणारी रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली. आपल्या भागात कापसाचा पेरा वाढला. तरी वावरात नुसता कापूस नसायचा. तूर, मूग, उडीद, अंबाडी, तीळ हेही घरापुरतं पेरलं जायचं. वावरात जे असायचं, ते ताटात यायचं.

अमेरिकेच्या दक्षिण भागात वेगळं घडलं. तिथल्या गरीब बटाईदारांनी अगदी दारापर्यंत कापूस लावला. भाजीपाल्याला आणि दुभत्याला जागा उरली नाही. मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी, एवढ्यावर घरं चालू लागली. मग एक आजार पसरला. ऊन लागतं त्या भागावर, म्हणजे हातांवर, पायांवर, गळ्याभोवती कातडी आधी लाल व्हायची, मग काळी पडून सोलायची. पुढे जुलाब, मग भ्रम आणि शेवटी मृत्यू. आजाराचं नाव पेलाग्रा. इटालियन भाषेतल्या या नावाचा अर्थच खरखरीत कातडी.

हा रोग शिवाशिवीने होतो, असं पुष्कळांना वाटायचं. १९१४ मध्ये तिथल्या सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना शोध घ्यायला पाठवलं. अनाथालयातली मुलं आजारी पडतात, पण त्यांची सेवा करणारे पडत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. शिवाशिवीचा रोग असा माणूस पाहून लागत नाही. त्यांनी मुलांच्या जेवणात दूध, अंडी, मांस आणि शेंगवर्गातलं धान्य वाढवलं. आजार थांबला. पुढे कापड गिरण्यांच्या वस्त्यांमध्ये घरोघरी पाहणी केली, तेव्हा दिसलं की भर वयातल्या बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होता. १९३७ मध्ये कोनराड एल्व्हेजेम या शास्त्रज्ञाला उत्तर सापडलं. जेवणात नायसिन नावाचं जीवनसत्त्व कमी पडत होतं.

आता आपल्याकडे येऊ. १९६० च्या सुमारास डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादला याच आजाराचे रुग्ण तपासले. आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात, तिथेच हे काम झालं. हे रुग्ण मका खाणारे नव्हते. ते दख्खनचे गरीब शेतमजूर होते आणि त्यांचं पोट जवळजवळ नुसत्या ज्वारीवर होतं. ज्वारीतलं ल्यूसिन नावाचं द्रव्य जास्त झालं की शरीराला नायसिन तयार करायला अडथळा येतो, असं मत त्यांनी मांडलं. त्यावर शास्त्रज्ञांत वादही झाला. पण एकाच धान्यावर दिवस काढणाऱ्याचं दुखणं कातडीवर उमटतं, हे पक्कं झालं.

म्हणून भाकर सोडायची का? मुळीच नाही. ज्वारी चांगलीच आहे, पण तिला सोबत लागते. आपल्या जुन्या बायकांनी ती सोबत कधीच शोधली होती. ज्वारीत उडीद दळून केलेली कळण्याची भाकर आठवा. भाकरीबरोबर घट्ट वरण, अंबाडीची भाजी, जवसाची किंवा तिळाची चटणी आठवा. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं. दूध, अंडी आणि डाळी यांतून शरीर ते स्वतःही तयार करतं. जवस आणि करडईच्या तेलात कातडीला लागणारी स्निग्धता असते. पालेभाजी, पपई, आवळा, लिंबू यांतली जीवनसत्त्वं जखम भरायला आणि कातडी धरून ठेवायला लागतात. कातडी टवटवीत राहते ती अशा मिळून आलेल्या ताटामुळे.

आज वावरात सोयाबीन आणि कापूस. तूर, मूग झाले तरी बाजारात जातात. घरात वरण पातळ होतं आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला उरते भाकर आणि ठेचा. गिरणी वस्त्यांमध्ये बायका जास्त आजारी का होत्या, हे आपल्याला पुस्तकात शोधावं लागत नाही.

म्हणून आमचं सांगणं थोडकं आहे. तूर, मूग विकण्याआधी वर्षाची डाळ घरासाठी बाजूला काढा. धुऱ्यावर अंबाडी, जवस, तिळाची एखादी ओळ पेरा. रात्री सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा, म्हणजे वरणाची वाटी सगळ्यांना सारखी मिळेल. हातांवर, गळ्यावर कातडी काळी पडून सोलत असेल आणि जुलाबही होत असतील, तर मलम शोधत बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीसोबत प्रत्येकीने आठवडाभर स्वतः काय खाल्लं ते लिहून आणा. घरच्यांनी काय खाल्लं ते नको, स्वतःचं आणा.