अनाथाचा नाथ कोण? खामगावचं अनाथालय आणि परदेशी सेवक



चर्चच्या गटाबरोबर दोन-तीन आठवड्यांसाठी परदेशी जाऊन अनाथ मुलांची सेवा करायची, अशी पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ आहे. ती चांगली की वाईट, असं आम्हाला विचारलं जातं. उत्तर देण्याआधी थोडं बुलढाणा जिल्ह्यात, खामगावला जाऊन येऊ.

1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ वऱ्हाडावर पाठोपाठ आले. 1891 साली वऱ्हाडात सुमारे 29 लाख माणसं होती. 1901 च्या शिरगणतीत ती साडेसत्तावीस लाखांवर आली. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, बुलढाण्यात ते 1905 साली आलं. कापसाची मोठी पेठ, 1870 पासून रेल्वे. पण बघा, पेठ भरलेली असली तरी मजुराच्या हाती पैसा नसेल तर त्याचं पोर उपाशीच राहतं.

या भागात 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' हे अमेरिकन मिशन काम करत होतं. दुष्काळात त्यांनी अकोल्याला मुलग्यांचं आणि खामगावला मुलींचं अनाथालय चालवलं. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने वाचकांकडून निधी जमवला. 1900 साली 'किटो' नावाची आगबोट मका घेऊन मुंबईला आली. समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांनी आपल्याकडची पोरं जगवली, हे आधी कृतज्ञतेने मान्य करू.

आता दुसरी बाजू. जगलेलं मूल कोणाचं? मिशनच्या घरात ते मिशनच्या धर्मात वाढणार, हे उघड होतं. लाला लजपतराय यांनी 1897 पासून हिंदू अनाथांसाठी मोहीम उभारली आणि 1901 च्या दुष्काळ आयोगापुढे साक्षही दिली. मिशनऱ्यांवर त्यांचा रोष होता. पण आम्हाला विचाराल तर, त्या रोषातून एक चांगली गोष्ट झाली: आपल्या मुलांची जबाबदारी आपण घेतली पाहिजे, हे समाजाला उमगलं.

आणि पंडिता रमाबाई? त्यांचे आईवडील 1870 च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून गेले होते. 1897 मध्ये त्या मध्य प्रांतातून शेकडो मुली घेऊन आल्या. त्या ख्रिस्ती होत्या, पण परक्या नव्हत्या. मुलींशी त्या मराठीत बोलत आणि त्यांच्यासोबतच त्यांनी पुढचं आयुष्य काढलं. अकोल्याच्या जेनी फुलर यांच्या भारतीय स्त्रियांवरील 1900 सालच्या पुस्तकाला रमाबाईंचीच प्रस्तावना आहे. फुलरबाईही वऱ्हाडात वर्षानुवर्षं राहिल्या. त्या पिढीच्या मिशनऱ्यांशी आमचे मतभेद आहेत. पण त्यांतली कितीतरी माणसं इथली भाषा शिकली, इथेच थांबली, इथल्याच मातीत गेली.

'अनाथ' या शब्दाचा अर्थ बघा. आईबाप नसलेला, एवढाच तो नाही; ज्याला नाथ नाही, म्हणजे पाठीशी कायम उभं राहणारं कोणी नाही, तो अनाथ. दुष्काळात अनाथ म्हणून नोंदलेल्या सगळ्याच मुलांचे आईबाप मेलेले नव्हते. कोणी चुकलेलं, कोणी जगावं म्हणून सोडून दिलेलं. आजही जगातल्या अनाथालयांत अशी कितीतरी मुलं आहेत, ज्यांचा एक पालक तरी हयात आहे. गरिबीने ती तिथे आणली.

अशा मुलाच्या आयुष्यात दर पंधरा दिवसांनी एक नवा ताई-दादा येतो, जीव लावतो, फोटो काढतो आणि निघून जातो. त्या सेवकाचं मन चांगलंच असतं हो! पण मुलाला सोडून जाण्याचा अनुभव पुन्हा पुन्हा मिळतो. शिवाय पाहुण्यांमुळे पैसा येतो, आणि मग संस्थेला मुलं भरलेली हवी असतात. 2019 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांच्या ठरावात या धोक्याकडे लक्ष वेधलं. आपल्या 2015 च्या बाल न्याय कायद्यातही कुटुंब आधी आणि संस्था शेवटी, हेच तत्त्व आहे.

तेव्हा सेवेला निघालेल्याने, तो बोस्टनचा असो की बुलढाण्याचा, तीन प्रश्न विचारावेत. या मुलाच्या नातेवाइकांचा शोध घेतला का? मी किती दिवस राहणार? आणि मी गेल्यावर याच्या उशाशी कोण बसणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तिकिटाचे पैसे त्या मुलाच्या आजीकडे किंवा मावशीकडे कसे पोचतील ते पाहावं. तीही सेवाच आहे.