दिनविशेष : २३ जून
१९८१ : अमेरिकेतील पॉटकेट येथे व्यावसायिक बेसबॉलमधील सर्वाधिक डावांचा सामना संपला. १८ एप्रिलला सुरू झालेला हा सामना ३२ डावांनंतर, पहाटे चारच्या सुमारास २-२ अशा बरोबरीत थांबवला होता. तो पुन्हा सुरू झाल्यावर १८ मिनिटांतच डेव्ह कोझाच्या फटक्याने पॉटकेट रेड सॉक्सने रोचेस्टर रेड विंग्जला ३-२ असे हरवले. याच सामन्यात खेळलेले वेड बॉग्ज आणि कॅल रिपकेन पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले; कोझाला मेजर लीगचा एकही सामना मिळाला नाही. मायनर लीगमधल्या बहुतेकांची कारकीर्द अशीच संपते. कोझाचे नाव मात्र पुसले जाणे कठीण. २०१८पासून मायनर लीगमध्ये जादा डाव दुसऱ्या बेसवर धावपटू ठेवूनच सुरू होतो, त्यामुळे सामने लवकर निकाली निघतात आणि ३३ डावांचा विक्रम अबाधित आहे.