मुठीचं धान्य, वाहणारी पोरं

अन्नदान करणाऱ्यांची आपल्या मुलखात कधी वाण नव्हती. वाण असते ती दात्याच्या चुलीपासून गरजवंताच्या दारापर्यंत ते अन्न पोचवणाऱ्याची. आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनीच केलेलं आहे.

जुन्या पुण्यात गरीब मुलं माधुकरी मागून किंवा वार लावून शिकत. १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातल्या मुलांनीही हातात झोळी घेतली. पण ही झोळी जातीच्या उंबऱ्यापाशी अडत असे. सगळ्यांच्या पोरांना ती मिळत नव्हती आणि सगळी दारं तिच्यासाठी उघडत नव्हती.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हा उंबराच ओलांडला. १९१९ मध्ये काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असं नामकरण झालं. सगळ्या जातीधर्मांची मुलं एका पंगतीत जेवायची. आता इतक्या मुलांना घालायचं काय? लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. पण सोनं किती दिवस पुरणार? म्हणून निघाला मुष्टिफंड. घरच्या बाईनं रोज दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि साठलं की ते वसतिगृहाला द्यायचं. मूठभर ज्वारीनं कुणी कंगाल होत नाही, पण शंभर घरांच्या मुठी जमल्या की पोतं भरतं. दूर मिझोराममधल्या बायकाही चर्चसाठी अशीच तांदळाची मूठ बाजूला काढतात, तिला ‘बुहफाय थाम’ म्हणतात. भूक सगळीकडे सारखी, तशी युक्तीही.

मला या व्यवस्थेत एक गोष्ट फार मोलाची वाटते. ज्यानं पोतं वाहिलं, त्याच्याच ताटात त्यातली भाकरी पडायची. त्यामुळे ‘मी उपकार करतो’ ही भावना त्याला शिवत नसे. आजच्या स्वयंसेवकाला ही सोय नाही. त्याच्या घरी जेवण तयार असतं. म्हणून त्याला निवडताना जास्त सांभाळावं लागतं.

१९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या घरी वडीलधारे सांगत. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं. राष्ट्रीय सेवा योजना तेव्हा नवीन होती. १९६९ मध्ये देशातल्या ३७ विद्यापीठांत ती सुरू झालेली. १९७३ मध्ये तिच्या शिबिरांचा विषयच होता ‘दुष्काळाविरुद्ध युवक’. आमच्या राहुरीत कृषी विद्यापीठ १९६८ चं. म्हणजे धान्य पिकवायचं शास्त्र आणि धान्य वाहायची सवय, दोन्ही साधारण एकाच काळात तरुणांच्या हाती आली म्हणायची.

२०२० च्या टाळेबंदीत आम्हाला पोरं जमवायची वेळ आली. तालुक्यात ऊसतोड मजूर कोप्यांमध्ये अडकलेले. घराघरांतून भाकऱ्या येत होत्या, न्यायला माणूस नव्हता. पहिल्या दिवशी ‘समाजसेवा करा’ म्हणून सांगितलं, तर तिघं आले. त्यातल्या एकाचं लक्ष मोबाईलच्या कॅमेऱ्याकडेच. मग विचारायची रीत बदलली. ‘तुझ्या वस्तीजवळच्या वीस कोप्या तू सांभाळशील का? रोज, साडेअकराला?’ असं नेमकं विचारल्यावर आठवडाभरात बावीस मुलं उभी राहिली. फोटो काढायचा नाही, नाव-गाव-जात विचारायची नाही, एवढेच नियम. आमच्या मोहल्ल्यात हे नवं नव्हतंच. ईदच्या नमाजाआधी फित्र्याचं धान्य पोचलंच पाहिजे, म्हणून ते झाकून नेण्याचं काम लहानपणी आमच्याकडेच असायचं. ‘दारात टेकव आणि फीर माघारी, उभं राहू नको,’ अशी ताकीद असे. कुणाचं मिंधेपण पाहत उभं राहणं वाईट, हे आईला शास्त्र न वाचता कळत होतं.

आता अन्न पोचवणाऱ्या तरुणांच्या संस्था निघाल्या आहेत. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, २०१५ मध्ये रोटी बँक सुरू झाली. त्याच सुमारास मुंबईच्या डबेवाल्यांनीही हे काम हाती घेतलं. महाविद्यालयांतले प्राध्यापक विचारतात, पोरं कशी जमवायची? गुणांची लालूच दाखवून जमतील, पण गुण मिळाले की जातील. वेळ, रस्ता आणि घरं ठरवून द्या. पंधरा दिवसांनी त्या घरातली म्हातारी ‘बाळा, काल का नाही आलास?’ असं विचारते, तेव्हा तुमचं काम संपलेलं असतं. पुढचं ती बघते.