अडसर

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सात-आठ जणी कमल बस्तीला दर्शनाला गेलो होतो. बेळगावच्या किल्ल्यातली ही बस्ती आमच्या हिंडलग्याहून काही फार लांब नाही. नेमिनाथ भगवंतांपुढं बसल्यावर तरी मन थाऱ्यावर यावं की नाही? पण पायऱ्या उतरताना सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता, मागच्या गल्लीतली घरफोडी. घरातली मंडळी लग्नाला म्हणून चार दिवस बाहेरगावी गेलेली, आणि इकडं पुढच्या दाराचं कुलूप कोयंड्यासकट उचकटलेलं. एकीनं कॅमेऱ्यांचा भाव काढून आणला होता. तो ऐकून दुसरी म्हणाली, "अगं, एवढे पैसे असते तर चोर आधी माझ्याकडंच आला असता!"

हसलो सगळ्या. पण रात्री मागच्या दाराची कडी मी दोनदा उठून बघितली. हिंडलगा म्हटलं की लोकांना 1923 सालचा तुरुंग आठवतो. पाहुणे चेष्टेनं म्हणतात, तुमच्याकडचे चोर तर सगळे आतच असतील. तुरुंगाची भिंत उंच आहे खरी, पण तिच्या सावलीत राहून आमच्या दाराला काय फायदा?

मग किल्ल्याचाच विचार मनात आला. रट्ट राजांचा मंत्री बिचिराज यानं 1204 साली ही बस्ती उभारली. भोवती केवढे बुरूज, केवढा खंदक! तरी 1818 साली मन्रोच्या फौजेनं तीन आठवड्यांच्या वेढ्यात किल्ला घेतलाच. भिंत कुणाला कायमची अडवत नाही, ती फक्त वेळ काढून देते. तेवढ्या वेळात कुणी धावून आलं तर तिचा उपयोग. घराच्या दाराचंही तेच आहे, हे मला जुनी दारं आठवून कळलं.

निपाणीकडच्या आमच्या सासरच्या घराला दोन फळ्यांचा जाड दरवाजा होता. आत अडसर. दाराच्या दोन्ही अंगाला भिंतीत खोल भोकं असायची. दिवसा तो लाकडी दांडका एका भोकात सरकवून ठेवायचा, रात्री ओढून दुसऱ्या बाजूच्या भोकात घालायचा. ना किल्ली, ना खिळा. बाहेरून कितीही धक्के मारले तरी जोर भिंतीवर जाई. सासूबाई दिवेलागणीनंतर अडसर ओढत, त्याचा घरघर आवाज ऐकला की पोरं समजायची, आता अंगण बंद.

पण या अडसराची एक अट होती. तो घालायला घरात माणूस लागतं. आणि तेव्हाच्या घरात कुणी ना कुणी असायचंच. खाटेवरची आजी, बाळंतीण, परीक्षेचा मुलगा. घर रिकामं पडू लागलं, तेव्हा बाहेरून लावायच्या कुलपाची खरी गरज पडली.

चोरही तेव्हा दाराच्या नादी कमीच लागे. 'घरफोडी' हा शब्दच बघा. मातीच्या भिंतीला भोक पाडून आत शिरायचं, किंवा कौलं उतरवून. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त शर्विलक भिंत फोडतो तेव्हा मोजायला दोरी विसरलेला असतो, म्हणून जानव्यानं माप घेतो. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणलं. देवल आमच्या बेळगावात शिकले आणि काही काळ इथंच शिक्षक होते. त्या चोरीत मला सगळ्यात जास्त काय लागलं, सांगू? वसंतसेनेच्या दागिन्यांची पेटी चोरानं हिसकावलीच नाही. झोपेत बरळणाऱ्या मैत्रेयानं ती आपल्या हातानं त्याला दिली. आणि ठेव बुडाली म्हणून चारुदत्ताची अब्रू जाऊ नये, यासाठी गळ्यातली रत्नमाला काढून दिली ती त्याच्या बायकोनं, धूतेनं. चोरी कुणाचीही असो, तिची भरपाई बाईच्या अंगावरून उतरते.

गावाची राखण हा तेव्हा गावाचा मामला होता. आमच्या भागात तळवार, देशावर जागल्या, रामोशी. एल्फिन्स्टननं पेशवाईच्या मुलखावर 1819 साली जो अहवाल लिहिला, त्यात ही पद्धत आहे. चोरी झाली की राखणदारानं पावलांचा माग काढत जायचं. माग दुसऱ्या गावाच्या हद्दीत गेला की पुढची जबाबदारी त्या गावाची. माग जिथं थांबेल, तिथल्यांनी भरपाई करायची. म्हणजे एका घरची चोरी साऱ्या गावाच्या खिशाला लागायची. मग शेजारी जागा राहणार नाही तर काय!

शहरं वाढली, शेजाऱ्याला शेजारी ओळखेना, तशी राखण कुलपाकडं आली. अर्देशीर गोदरेज मूळचे वकील. अशिलासाठी खोटं बोलायचं नाही म्हणून त्यांनी वकिली सोडली आणि 1897 साली मुंबईत लालबागला कुलपं बनवायला घेतली. मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी वाचून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. पण कुलपाचीही मर्यादा जगाला आधीच कळली होती. लंडनमध्ये ब्रामा कंपनीनं आपलं कुलूप दुकानाच्या खिडकीत ठेवून दोनशे गिनींचं बक्षीस लावलं होतं. साठ वर्षं कुणाला जमलं नाही. 1851 साली हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिरानं सोळा दिवसांत मिळून 51 तास खपून ते उघडलं. पुन्हा तेच, न उघडणारं कुलूप नसतं. प्रश्न असतो वेळेचा.

भीतीचं आणखी एक कुलूप सरकारनं 1871 साली घडवलं, गुन्हेगार जमातींचा कायदा. अख्ख्या जमातीच जन्मानं चोर ठरवल्या. नावं नोंदवायची, हजेरी द्यायची. सोलापूर, हुबळीला त्यांच्या वसाहती केल्या. 1952 साली तो कायदा गेला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज रामोशी आहेत, बेरडही आहेत. ज्यांनी गावं राखली, त्यांच्यावरच हा शिक्का!

हे वाचताना मी मान खाली घातली, कारण असा कायदा मीही एकदा माझ्या घरात केला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या पाटल्या सापडेनात. कामाला येणाऱ्या बाईंना मी तोंडानं काही म्हटलं नाही. फक्त त्या आल्या की कपाटाला कुलूप लावू लागले. आठ दिवसांत त्यांनी काम सोडलं. दसलक्षण पर्वाच्या आधी डबे घासायला काढले, तर पाटल्या तूरडाळीच्या डब्यात. मीच ठेवलेल्या. क्षमा मागायला गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "वैनी, कुलपाचा आवाज मला कळायचा." अचौर्याच्या अतिचारांत चोरीचा माल घेणं, खोटी मापं वापरणं हे आपण पाठ केलेलं असतं. दुसऱ्याची अब्रू उचलणं त्यात कुठं बसतं, हे मला त्या दिवशी कुणी विचारायला हवं होतं.

तर यंदा मी काय केलं ते सांगते. आधी कोयंड्याचे स्क्रू काढून बघितले. जेमतेम अर्ध्या इंचाचे! महागडं कुलूप त्यांच्यावर लटकत होतं. तिथं चौकटीत खोल जाणारे तीन इंची बसवले. मागच्या दाराला लोहाराकडून दोन जाड आकडे करून घेतले आणि त्यात लाकडी दांडका आडवा टाकला, सासूबाईंचा अडसरच. ग्रीलचं कुलूप बाहेरून दिसणार नाही असं आतल्या बाजूनं लावते. परड्यात पडून असलेली शिडी साखळीनं बांधली. रात्रभर दिवा ठेवायला माझं मन घेईना, किती किडे मरतात त्याच्याभोवती! म्हणून कुणी जवळ आलं तरच लागणारा बल्ब आणला. पाटल्या बँकेत ठेवल्या. लग्नाचे फोटो ग्रुपवर टाकायचे ते घरी परत आल्यावर. गावाला जाताना पोलीस ठाण्यात सांगून ठेवायचं. बँकेचं भाडं सोडलं, तर सगळं मिळून तीन हजारांच्या आत बसलं.

एक गोष्ट मात्र फुकट झाली. कमल बस्तीहून आलेल्या आम्ही तिघी-चौघींनी आपापली एक किल्ली एकमेकींकडं दिली. जी गावाला जाईल, तिच्या अंगणात दुसरीनं झाडू मारायचा, पेपर उचलायचा, संध्याकाळी दोन मिनिटं दिवा लावायचा. परवा एकीच्या दारात अनोळखी दोघं उभे होते. मी आमच्या कट्ट्यावरूनच विचारलं, "कोण पाहिजे?" ते वीजबिलवाले निघाले. पण विचारलं तर खरं!

माझ्या खुंटीवर आता चार घरांच्या किल्ल्या आहेत.