विश्लेषण : देशातली पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ बंद का झाली?

मुंबईतल्या ट्रॉम्बे इथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भारतातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. तेव्हाचा सोव्हिएत संघ सोडला तर ती आशियातलीही पहिली. पन्नासहून अधिक वर्षे चाललेली ही भट्टी २००९ मध्ये कायमची बंद झाली. भट्टी आपण बांधली होती, इंधन मात्र परदेशी होते. या एका गोष्टीचा परिणाम तिच्या शेवटापर्यंत दिसतो.

ती कशी उभी राहिली?

डॉ. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली १९५५ मध्ये भट्टी बांधायचे ठरले आणि दीड वर्षाच्या आत ती सुरूही झाली. बांधणी आणि नियंत्रण यंत्रणेचे काम भारतीय शास्त्रज्ञ-अभियंत्यांनी केले. समृद्ध युरेनियमचे इंधन तेव्हा देशात तयार होत नसल्याने ते ब्रिटनकडून घेण्यात आले.

नाव ‘अप्सरा’ का?

भट्टीचा गाभा सुमारे आठ मीटर खोल पाण्याच्या हौदात बुडवलेला असे. पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो. भट्टीतले काही इलेक्ट्रॉन त्याहूनही वेगाने धावतात, तेव्हा निळसर प्रकाश पडतो. त्याला चेरेन्कोव्ह प्रारण म्हणतात. हौदातली ही निळी आभा पाहून पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी ‘अप्सरा’ हे नाव दिले, असे सांगतात. २० जानेवारी १९५७ रोजी त्यांनी ती राष्ट्राला अर्पण केली.

तिच्यातून वीज मिळत होती का?

नाही. तिची कमाल औष्णिक क्षमता अवघी १ मेगावॉट होती आणि ती संशोधनासाठीच होती. तिच्यातल्या न्यूट्रॉनचा वापर करून किरणोत्सारी समस्थानिके तयार केली जात. पदार्थात कोणते घटक किती आहेत, किरणोत्सर्ग अडवायला भिंत किती जाड हवी, याचेही प्रयोग होत. हौदातले पाणी गाभा थंड ठेवी, न्यूट्रॉनचा वेग कमी करी आणि किरणोत्सर्गही अडवी. गाभा हौदात एका जागेवरून दुसरीकडे सरकवता येई, त्यामुळे वेगवेगळे प्रयोग करणे सोपे जाई.

मग बंद का केली?

भट्टी जुनी झाली होती. शिवाय तिचा पुढचा इंधन-गाभा फ्रान्सकडून घेतलेला होता. अमेरिकेशी अणुकराराची बोलणी सुरू असताना भारताने २००६ मध्ये नागरी आणि लष्करी अणुकार्यक्रम वेगळे करण्याची योजना मांडली. भाभा अणुसंशोधन केंद्राचा परिसर आंतरराष्ट्रीय देखरेखीसाठी खुला करायचा नव्हता. म्हणून फ्रान्सचा हा गाभा केंद्राबाहेर हलवून २०१० मध्ये देखरेखीसाठी उपलब्ध करू, असे आश्वासन भारताने दिले. इंधन परदेशी, म्हणून त्यावर अटीही आल्या.

पुढे काय झाले?

१० सप्टेंबर २०१८ रोजी ट्रॉम्बे इथेच ‘अप्सरा-यू’ सुरू झाली. ही भट्टीही पाण्याच्या हौदातलीच, पण क्षमता दुप्पट, म्हणजे २ मेगावॉट. तिच्यात कमी समृद्ध युरेनियमचे सिलिसाइड इंधन वापरले जाते. तिच्यामुळे देशातले वैद्यकीय समस्थानिकांचे उत्पादन सुमारे ५० टक्क्यांनी वाढेल, असे तेव्हा सरकारने सांगितले होते. कर्करोगासारख्या आजारांचे निदान आणि उपचार यांसाठी ही समस्थानिके लागतात. त्यांपैकी काहींचे आयुष्य काही तासांचे किंवा दिवसांचेच असते, त्यामुळे ती साठवून ठेवता येत नाहीत. ती देशातच तयार होणे म्हणूनच गरजेचे आहे.